दुसऱ्याची बाजू

बुधवारी संध्याकाळी जेवताना बाबा भांडत होते की महासंघ सोडायचा तर सावकाश, टप्प्याटप्प्याने सोडावा. आणि त्यांची लेक भांडत होती की छे, एका दिवसात, तडकाफडकी सोडावा. दोघांपैकी कुणीही स्वतःचं मत बोलत नव्हतं. त्या घराचा तो नियमच होता.

नियम आत्याचा. देशाने महासंघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान व्हायचं होतं, तेव्हा या बापलेकीने घर डोक्यावर घेतलं होतं. बाबा म्हणत बाहेर, ती म्हणे आत. बाबा एके काळी पुलावरच्या नाक्यावर क्लिअरिंग एजंट होते. नदीपलीकडच्या देशातून येणारा माल कागदपत्रं करून सोडवायचा, हा धंदा. दोन्ही देश महासंघात गेले, नाका बंद झाला, धंदा बसला, आणि पुढची सगळी वर्षं बाबांनी एका गोदामात कारकुनी केली. ती त्याच पुलावरून रोज बसने पलीकडे जायची. तिथे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात ती मुद्रितं तपासायची. पुलावर तिला आजवर कुणी ‘कुठे चाललात?’ एवढंही विचारलं नव्हतं. तेव्हा कोण कुठल्या बाजूला, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एकदा भांडण असं पेटलं की दोघंही भरल्या ताटांवरून उठले. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिने ती ताटं उचलली नाहीत. सकाळी चहाला बसले तेव्हा ताटं समोरच होती, भात वाळून कडक झालेला.

“आजपासून या टेबलावर ज्याने त्याने दुसऱ्याची बाजू मांडायची,” आत्या म्हणाली. “स्वतःची मांडायची असेल त्याने स्वयंपाकही स्वतः करायचा.”

स्वयंपाक दोघांनाही येत नव्हता.

आणि गंमत अशी, की दोघांना ते आवडलं. बाबा तिची बाजू मांडायचे आणि ती बाबांची. बाबा ‘आत राहा’ म्हणून असे मुद्दे काढायचे की तिला स्वतःला कधी सुचले नसते. मग तीही चवताळायची, बसमध्ये वाचून तयारी करून यायची. मतदान झालं, देशाने निसटत्या बहुमताने बाहेर पडायचं ठरवलं, पण टेबलावरचा नियम राहिला तो राहिला. आता प्रश्न होता, बाहेर पडायचं कसं. यावर तर दोघांपैकी कुणी आपलं खरं मत एकदाही सांगितलं नव्हतं. बाबांनी गृहीत धरलं की पोरीला सावकाश जायला हवं असणार. तिने गृहीत धरलं की बाबांना आजच्या आज जायला हवं असणार. आणि दोघं एकमेकांची वकिली करत सुटले.

“दात उपटायचा तर एकदाच उपटावा,” ती म्हणाली. “रोज थोडा थोडा हलवत बसलात तर तोंड सुजेल.”

“भूल न देता?” बाबांनी विचारलं.

“भूल द्या की. पण तुम्हा टप्पेवाल्यांची भूल उतरतच नाही. काही वर्षांनी डॉक्टर बदलतो, आणि नवा विचारतो, कुठला दात?”

आत्या हसली. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मुद्दा सापडला की त्यांना आधी हात मोकळा लागायचा.

“जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एका झटक्यात उतरता येतात, वकीलबाई. पण एकदाच.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नाका बघितलायस ना? काचा फुटलेल्या, छपराला भोकं. ट्रक उभे करायला जागा नाही, जनावरं तपासायला डॉक्टर नाही. उद्या सकाळपासून नियम लागू केलात तर पहिल्या ट्रकमधली फळं दुपारपर्यंत वास मारतील. त्या ड्रायव्हरला काय सांगाल? स्वातंत्र्य आलंय, नाक दाब?”

“आणि टप्पे म्हणजे दर टप्प्याला नवे कागद. मोठ्या कंपन्या माणसं ठेवतील त्यासाठी. छोटा व्यापारी पहिले कागद शिकेपर्यंत दुसरे येतील. सहा महिन्यांत तो दुकान विकून मोकळा.”

“हे चांगलं आहे,” बाबा म्हणाले. “हे मी वापरणार होतो.”

ते रविवारबद्दल बोलत होते. सरकारने सीमेवरच्या सगळ्या संस्थांना विचारलं होतं: बाहेर कसं पडावं, एकच काय ते मत कळवा. जुन्या एजंटांचं एक मंडळ गावात अजून टिकून होतं. त्याची सभा रविवारी होती आणि पहिलं भाषण बाबांचं होतं.

“बाबा, रविवारी खरं काय बोलणार आहात?” तिने विचारलं.

“जेवताना विचारायचं नाही.”

“जेवण झाल्यावर?”

“जेवण झाल्यावर मला झोप येते.” ते उठले, हात धुऊन आले, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. “तू आधी तुझं सांग. खरं.”

सांगायचं तर होतं. वर्षभर ते तिच्या जिभेवर येऊन परत फिरत होतं. बाबांची बाजू मांडता मांडता एकदा ती म्हणून गेली होती: ज्या माणसाला आपण मत देऊन काढू शकत नाही, त्याने आपल्यासाठी कायदे करू नयेत. बाबांना हरवायला म्हणून तिने ते वाक्य जुळवलं होतं. बाबांनी त्यावर बरीच झटापट केली. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनेही स्वतःशी करून पाहिली. उत्तर सापडेना. आणि मतदानाच्या दिवशी, पलीकडे नोकरी करणारी, गावभर ‘आतवाली’ म्हणून ओळखली जाणारी ही बाई केंद्रात गेली आणि बाहेर पडायला मत देऊन आली. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली असती ती बघवली नसती. किंवा, हे तिला नंतर कळलं, चमक आली नसती तर तेही बघवलं नसतं.

“रविवारी सांगते,” ती म्हणाली. “तुमचं भाषण झाल्यावर. घरी येताना.”

“ठरलं,” बाबा म्हणाले, आणि आडवे व्हायला गेले.

गुरुवारी सकाळी ते दाढी करत असताना पडले. बेसिनचा नळ बराच वेळ चालू आहे म्हणून आत्याने तिला हाक मारली. ती दार ढकलून आत गेली तेव्हा त्यांच्या एका गालाला साबण होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, आणि तिच्याकडे न बघता पिशवी मिटली. साबण तिने ओल्या टॉवेलने पुसला. त्या दिवशी तिने केलेलं तेवढंच काम तिला पुढे नीट आठवत होतं. बाकीचं लोकांनी केलं.

शुक्रवारी माणसांची रीघ लागली. सगळे तेच बोलत होते आणि ती मान हलवत होती. संध्याकाळी मंडळाचे चिटणीस आले. नाक्यावर असताना कागदावर शिक्का मारायचं काम त्यांच्याकडे असे, म्हणून अख्खं गाव त्यांना शिक्काकाका म्हणायचं, अगदी तोंडावरही. खुर्ची ओढून ते बसले.

“पोरी, वेळ नाही बोलायची, पण रविवारचं काय?”

“रविवारचं काय, काका?”

“आपल्या मंडळात ठरलेलं भाषण रद्द होत नाही. तुला माहीत असेल. आमच्यातला कुणी पुलावर मालात अडकला तर त्याची बायको, भाऊ, कुणीतरी घरचं येऊन बोलायचं. पण बोलायचं. तुझी आई एकदा येऊन बोलली होती, तू पोटात होतीस.”

“बाबा पुलावर अडकलेले नाहीत,” ती म्हणाली.

शिक्काकाकांनी मान खाली घातली. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “जाईल ती.”

ती आत्याकडे बघत राहिली. आत्या आत निघून गेली.

“त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे तसं,” ती शेवटी म्हणाली. “एका दिवसात बाहेर. तुमच्यासारखंच.”

“माझ्यासारखं?” शिक्काकाका ताठ झाले. “अगं, बाहेर पडायच्या बाबतीत मी आणि तो एकाच बाजूला होतो, पण हे ‘कसं’ निघालं आणि त्याने माझं डोकं खाल्लं. टप्पे, टप्पे, टप्पे! रोज सकाळी फिरायला जाताना. मी म्हणायचो, अरे, आपला धंदा परत येतोय, लवकर येऊ दे की! तर म्हणे, पहिल्या ट्रकमधली फळं सडतील. माझ्या सपशेल विरुद्ध होता तो.” त्यांनी डोळे पुसले. “तरी तू त्याचं म्हणणं नीट मांड हो. काही गाळू नकोस. मी उत्तर देईन.”

ते गेल्यावर तिला वाटलं, चला, निदान कळलं तरी. म्हणजे बाबा बुधवारी स्वतःचंच मत बोलत होते, तिची वकिली नव्हे. तिने नाक्याची दुरवस्था, फळं, डॉक्टर, सगळं मनात ओळीने लावलं. ती जरा स्थिर झाली. ते स्थिर होणं शनिवारी सकाळपर्यंतच टिकलं.

शनिवारी काटाकाका आले. ट्रक तोलायचा काटा त्यांच्याकडे होता, अजूनही आहे, आणि ते मंडळातले टप्पेवाल्यांचे पुढारी. खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, “तू उद्या बोलणार असं कळलं. बोल. तुझ्या वडिलांनी मला जन्मभर कधी जिंकू दिलं नाही, मेल्यावर तरी का द्यावं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! काट्यावर येऊन बसायचा आणि सुरू. एकाच दिवसात! टप्प्यांनी छोटा व्यापारी मरेल! गेल्या आठवड्यात तर म्हणाला, तुमची भूल उतरतच नाही.”

तिने चहाचा कप बशीत ठेवला. भूल तिची होती. बुधवारीच नव्हे, त्याआधीही कधीतरी ती टेबलावर ते बोलली असणार; बाबांनी ते उचलून काट्यावर नेलं होतं. आणि फळं शिक्काकाकांकडे. तडकाफडकीवाल्याला टप्पे, टप्पेवाल्याला तडकाफडकी. आत्याचा नियम हा माणूस घराबाहेर घेऊन गेला होता आणि गावभर पाळत हिंडला होता.

“काका, त्यांचं खरं मत काय होतं?”

काटाकाकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने स्वतःच्याच वडिलांचं नाव विचारलं. “सांगतोय काय मी इतका वेळ?”

मग तिला घरात बसवेना. ती पुलापर्यंत चालत गेली. ट्रक नेहमीसारखे न थांबता जात होते, पुलाचे सांधे प्रत्येकाखाली दोनदा वाजत होते. नाक्याच्या खोलीत तिने फुटक्या काचेतून डोकावलं. आत एक उलटी खुर्ची आणि पोत्यांचा ढीग. इथे उभं राहिल्यावर काहीतरी कळेल असं तिला का वाटलं, कोण जाणे. पुस्तकांत कळतं. तिने आयुष्यभर इतकी पुस्तकं वाचली होती की माणूस गेल्यावर मागे काहीतरी सापडतंच, असं तिच्या मनाने धरूनच चाललं होतं. इथे पोती होती. ती परत फिरली, घराच्या कोपऱ्यापर्यंत आली, पुन्हा पुलाकडे वळली, आणि मग स्वतःचाच राग येऊन घरी गेली.

आत्या बाबांचे सदरे पलंगावर मांडून बसली होती. काही द्यायचे, काही ठेवायचे. ती शेजारी बसली आणि एकाची बटणं लावू लागली.

“आत्या, तुला माहीत आहे?”

“काय?”

“त्यांना कसं जायचं होतं. आत राहायचं होतं की बाहेर, तेही आता मला धड सांगता येत नाही. त्या मतदानाच्या दिवशी ते काय करून आले?”

“मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलंस?”

“तू विचारलंस?” आत्याने सदरा झटकला. “दादा माझ्याशी मिठावरूनसुद्धा उलटा बोलायचा. मी म्हटलं कमी आहे की तो म्हणणार जास्त आहे. सवय लागली होती मेल्याला.” शब्द तोंडातून गेल्यावर ती थांबली. दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग आत्या इतकी हसली की तिला रडू आलं.

थोड्या वेळाने नाक पुसून ती म्हणाली, “तू कामाला गेलीस ना, की तो इथे फेऱ्या मारत तुझी बाजू तयार करायचा. मला ऐकवायचा. मी म्हटलं, बास, चांगलं झालंय. तर म्हणे, नाही, तिची बाजू लंगडी पडता कामा नये. तिला वाटेल मी मुद्दाम पाडली.”

तिने हातातल्या सदऱ्याकडे पाहिलं. बटणं चुकली होती, वरचं एक जास्तीचं राहिलं होतं. ती सगळी काढून पहिल्यापासून लावू लागली.

“मग उद्या मी काय बोलू?” तिने विचारलं.

“ते मला काय विचारतेस? मी तुला नुसतं जायला सांगितलं. इथे बसून तू सारखं दार उघडतेस आणि लावतेस, मला ते सहन होत नाही.”

मंडळाचं सभागृह म्हणजे काट्यामागची एक लांबट खोली. तिथे लोखंडी खुर्च्या होत्या आणि एक टेबल. रविवारी माणसं भिंतींना टेकून उभी होती. अध्यक्षांनी बाबांचं नाव घेतलं, सगळे उभे राहिले, बसले, आणि अध्यक्ष तिच्याकडे वळून म्हणाले, “या, बाई. पहिलं भाषण तुमचं.”

ती उठली. काल संध्याकाळपर्यंत तिने दोन भाषणं जुळवली होती, एक टप्प्यांचं आणि एक तडकाफडकीचं. दोन्ही चांगली होती. तिच्या लक्षात आलं होतं की उभ्या उभ्या ती दोन्हींतलं कुठलंही म्हणू शकेल, आणि लोक टाळ्याही वाजवतील.

“बाबांचं मत मला माहीत नाही,” ती म्हणाली.

खोलीत कुजबुज झाली. “असं कसं?” शिक्काकाका उठले. “मी सांगितलं ना तुला! तो माझ्या विरुद्ध होता.”

“तुझ्या?” काटाकाका मागून ओरडले. “माझ्या विरुद्ध होता तो!”

“उगाच काहीतरी! मला रोज सकाळी—”

“मला रोज दुपारी!”

“सकाळी टप्पे आणि दुपारी नाही? तो काय हवामान खातं होता?”

लोक हसले. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. “बाई बोलतायत. दोघंही बसा. तो कुणाच्या विरुद्ध होता हा आजचा विषय नाही.”

हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“आमच्या घरी प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडायची असा नियम आहे. होता. त्यामुळे ते मला काय बोलले ते सगळं मी सांगू शकते, पण त्यांना काय वाटत होतं ते नाही. ते तुम्हाला कुणालाच सांगता येणार नाही असं दिसतंय. मग मी त्यांच्या वेळेत माझं सांगते. माझं मी कधीच कुठे सांगितलेलं नाही.”

“सांगा,” अध्यक्ष म्हणाले.

“मी बाहेर पडायला मत दिलं.”

आता कुणी हसलं नाही. भिंतीपाशी कुणीतरी म्हणालं, “तू? अगं, तू तर पलीकडे नोकरी करतेस!”

“करते. रोज जाते. नियम लागू झाले की मला परवाना लागेल, आणि तो मिळेलच असं नाही. तरी दिलं. का दिलं ते विचारलंत तर सांगीन, पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय कसं जायचं. मी मत दिलं तेव्हा फक्त का एवढाच विचार केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर काय होईल हा विचार केला नव्हता. काल जाऊन पाहिलं. नाक्यात पोती आहेत. शिक्काकाका, तुमचा धंदा परत यावा असं मलाही वाटतं. पण ते काम येणारी माणसं या गावात आता किती आहेत? या खोलीत आहेत तेवढीच. सगळ्यांचे केस पांढरे आहेत. नवी माणसं तुम्हालाच शिकवावी लागतील, आणि त्याला वेळ लागेल. बुधवारपर्यंत शिकवणारा एक जास्त होता.”

शिक्काकाका काही बोलायला उठले होते, ते उभेच राहिले.

“म्हणून मी म्हणते, सावकाश जा. टप्प्यांनी छोटा व्यापारी मरेल, हे खरं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एका दिवसात गेलो तर तो पहिल्या आठवड्यात मरेल, एवढंच मला दिसतं. ज्यांनी जायला मत दिलं त्यांनीच हे म्हटलं पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, हे आतवाले पाय ओढतायत. मी आतवाली नाही. वर्षभर सगळ्यांना तसं वाटू दिलं.”

ती बसायला वळली. खुर्ची दोन पावलांवर होती. पण बसता येईना, आणि अध्यक्षांकडे, शिक्काकाकांकडे, कुणाकडेही न बघता ती पुन्हा बोलली, आधीपेक्षा हळू, पण खोली इतकी शांत होती की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

“बाबा, तुमची बाहेर पडायची बाजू मांडता मांडता मला ती पटली. तुमची असो नाहीतर नसो, मला पटली. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं.”